तिळाची साक्ष : शाळेच्या प्रयोगशाळेतील एका गुलाबी रंगाचा इतिहास

१/ महाराष्ट्रातील शाळांच्या प्रयोगशाळांत एक छोटासा प्रयोग केला जातो. परीक्षानळीत वितळलेले तूप घ्यायचे, तेवढेच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल शिक्षकांनी त्यात घालायचे, चिमूटभर साखर टाकायची आणि नळी नीट हलवून पाच मिनिटे स्टँडवर ठेवायची. तळाशी बसलेल्या आम्लाच्या थराला गुलाबी-लाल रंग आला, की प्रयोगवहीत निष्कर्ष लिहिला जातो : ‘तुपात वनस्पती तुपाची भेसळ आहे.’

२/ निष्कर्ष बहुधा बरोबर असतो. परंतु त्या रंगाचा वनस्पती तुपाशी स्वभावतः काहीही संबंध नाही. तो रंग तिळाचा आहे. शेंगदाणा, सरकी किंवा पामच्या तेलापासून तयार होणाऱ्या तुपात तीळ आला कोठून? तो कायद्याने आणून बसवला, साक्षीदार म्हणून. ही साक्ष का लागली, याचा इतिहास धाराशिव जिल्ह्यातील तेरपासून बराकपूरच्या छावणीपर्यंत आणि मुंबईच्या शिवडीपर्यंत पसरलेला आहे. या धाग्यात तोच मांडला आहे.

३/ आधी याच प्रयोगशाळेतील दुसरी, अधिक साधी परीक्षा पाहू. शेंगदाणा, तीळ, खोबरे, ज्वारी, तूरडाळ असे पदार्थ एकेका कागदात घेऊन चुरडायचे, कागद वाळू द्यायचा आणि उजेडासमोर धरायचा. जेथे स्निग्ध पदार्थ आहे तेथे अर्धपारदर्शक डाग दिसतो. कागद पांढरा दिसतो तो त्याच्या तंतूंमधील हवेमुळे. प्रकाश तंतू आणि हवा यांच्या सीमांवर पुनःपुन्हा विखुरतो. तेल त्या पोकळ्या भरून काढते, विखुरणे कमी होते आणि प्रकाश आरपार जातो. पाण्यानेही असाच डाग पडतो. मात्र पाणी उडून जाते, तेल राहते. म्हणूनच कागद वाळवल्याशिवाय ही परीक्षा पुरी होत नाही.

४/ या परीक्षेची मर्यादाही ध्यानात घ्यावी. शेंगदाणा व तीळ यांच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग तेलाचा असतो, म्हणून त्यांचा डाग ठळक. ज्वारीतही स्निग्धांश असतो, परंतु तो शेकडा दोन-तीनच्या आसपास. तिचा कागद कोराच राहिल्यासारखा वाटतो. ‘डाग नाही’ याचा अर्थ ‘स्निग्ध पदार्थ नाही’ असा होत नाही, ‘या रीतीने दिसला नाही’ एवढाच होतो. शिवाय डाग कोणत्या तेलाचा हे कागद सांगत नाही. या दोन्ही गोष्टी पुढे एका साम्राज्याला महागात पडल्या.

५/ मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘स्निग्ध पदार्थ’ हा शब्दप्रयोग आधुनिक वाटला, तरी त्याचे मूळ फार जुने आहे. संस्कृत शास्त्रग्रंथांत ‘स्नेह’ हा स्वतंत्र वर्ग होता आणि त्याचे चार प्रकार मानले जात : घृत, तैल, वसा आणि मज्जा. म्हणजे तूप, तेल, चरबी आणि हाडांतील मगज. चरकसंहितेत ही विभागणी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातही कोठारातील वस्तूंची मोजदाद करताना हेच चार स्नेह येतात. माया आणि तेल या दोहोंसाठी एकच शब्द वापरणाऱ्या भाषेने चिकटून राहणे हा दोघांचा समान गुण हेरला होता.

६/ ‘तेल’ हा शब्द तर तिळाचाच वंशज. तिळापासूनचे ते तैल, त्याचे मराठीत तेल. आज ‘करडईचे तेल’ किंवा ‘शेंगदाण्याचे तेल’ म्हणताना त्यात तीळ लपलेला आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात जो शेंगदाणा आज अनिवार्य वाटतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय जहाजांमागून आशियात आलेला. त्यापूर्वीच्या दख्खनमध्ये तेलबियांचा प्रतिनिधी होता तो तीळ.

७/ याचा पुरावा थेट इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत जातो. तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या व्यापारी मार्गांचे वर्णन करणारा ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ त्या काळातला. त्यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावरील ‘तगर’ या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांवरून भडोचच्या बंदराकडे जाई, असे तो सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. एफ. फ्लीट यांनी हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे साधार मांडले. तेथील लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले संग्रहालय आज त्या व्यापाराची साक्ष देते.

८/ तेरहून मुख्यतः कापड गेल्याचे पेरिप्लस नोंदवतो. परंतु भडोचच्या परिसरातून समुद्रापार, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालाच्या यादीत दोन वस्तू एकमेकींशेजारी बसलेल्या आहेत : तूप आणि तिळाचे तेल. दोन हजार वर्षांपूर्वी एकाच जहाजातून जाणाऱ्या या दोघांची गाठ विसाव्या शतकात परीक्षानळीत पुन्हा पडायची होती, या वेळी मात्र एक संशयित म्हणून आणि दुसरा साक्षीदार म्हणून.

९/ तेल काढणाऱ्यांची पत त्या काळी किती होती, याचे उत्तर नाशिकच्या लेण्यांत आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील एका शिलालेखात विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवल्याची नोंद आहे. ही रक्कम ज्या श्रेणींकडे सोपवली, त्यांत ‘तिलपिषक’ म्हणजे तीळ गाळणाऱ्यांची श्रेणीही होती. पिढ्यान्‌पिढ्या व्याज देत राहील, अशी खात्री असल्याखेरीज धर्मादाय निधी कोणी कोणाच्या हाती देत नाही. तेल्याची श्रेणी ही तेव्हा जणू बँक होती.

१०/ तरीही भेसळ होतच होती. कौटिल्याने धान्य, स्नेह, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत त्याच रंगाची दुसरी वस्तू मिसळणाऱ्यास १२ पण दंड सांगितला आहे. येथे ‘त्याच रंगाची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भेसळ ही नेहमी सारख्या दिसणाऱ्या वस्तूची होते आणि म्हणून डोळा तेथे थकतो. दंड ठरवणे सोपे होते. गुन्हा सिद्ध करणारी परीक्षा नव्हती.

११/ मग लोक काय करीत? ते वस्तूऐवजी वस्तू बनवणाऱ्याची परीक्षा घेत. घरची करडई, तीळ किंवा जवस घेऊन घाण्यावर जायचे, समोर गाळून घ्यायचे, तेल घरी आणायचे आणि पेंड जनावरांना घालायची. तुपाचा रवाळपणा, कढवतानाचा वास, तळहातावर चोळल्यावर येणारा चिकटपणा या खुणा घरोघरच्या बायकांना ठाऊक होत्या. ही परीक्षा जवळच्या अंतरावर चालते. माल दुरून, डब्यात बंद होऊन, अनोळखी हातांतून येऊ लागला, की ती निकामी होते. त्याचा पहिला मोठा प्रत्यय बाजारात नव्हे, लष्करी छावणीत आला.

१२/ त्या काळी धाराशिवचा प्रदेश कोणाकडे होता, हेही पाहण्याजोगे आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढली, तेव्हा १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. नळदुर्गच्या किल्ल्यात राहून हा जिल्हा सांभाळणारा अधिकारी होता फिलिप मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक. १८५७ साल उजाडले तेव्हा धाराशिव हे अशा रीतीने कंपनीच्या राज्याचाच भाग होते. त्याच वर्षी टेलरची बदली बुलढाण्याकडे झाली.

१३/ जानेवारी १८५७. कलकत्त्याजवळच्या दमदम येथे नव्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांना गाय व डुक्कर यांची चरबी लावल्याची बातमी शिपायांत पसरली. हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. कमी माहीत आहे ती पुढची गोष्ट. लवकरच संशय लेपापुरता उरला नाही, तो काडतुसाच्या कागदावर गेला. नवा कागद चकचकीत होता, जुन्यापेक्षा वेगळा दिसत होता. कागदातच चरबी मुरवली आहे, असे शिपाई म्हणू लागले.

१४/ फेब्रुवारीत बराकपूरला चौकशी न्यायालय बसले. तेथे शिपायांनी दिलेल्या साक्षी आज वाचताना शाळेचा प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही. कागद मेणकापडासारखा चमकतो, असे एकाने सांगितले. जाळला तर तडतडतो आणि चरबी असल्यासारखा वास येतो, असे दुसऱ्याने. डोळा, नाक आणि आग ही त्यांची उपकरणे होती. इतिहासाच्या पुस्तकांत ज्याला ‘अफवा’ म्हटले जाते, त्यामागे सामान्य माणसांनी आपल्या परीने केलेली परीक्षाही होती.

१५/ सरकारनेही परीक्षा केली. न्यायालयासमोर कागद जाळून पाहण्यात आला, तेव्हा चरबीचा वास आला नाही, हे साक्षीदारालाही मान्य करावे लागले. तरी त्याची हरकत कायम राहिली, कारण सर्वांचा संशय फिटला नव्हता. सरकारच्या रासायनिक परीक्षकानेही कागदावर चरबी वा तेलाची कोणतीही प्रक्रिया झालेली नसल्याचा निर्वाळा दिला. निष्कर्ष बहुधा खरा होता. त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

१६/ का ठेवला नाही? कारण परीक्षा एका प्रश्नाची झाली आणि शिपायांचा प्रश्न दुसराच होता. कागदात चरबी नव्हती, हे सिद्ध झाले. पण काडतुसाच्या लेपात जी होती ती कोणत्या प्राण्याची, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. चरबी कंत्राटदारांकडून येई आणि ती कोणत्या जनावराची आहे याची विशेष खबरदारी घेतली गेली नव्हती. त्या काळच्या रसायनशास्त्राला गायीची चरबी आणि बकऱ्याची चरबी खात्रीने वेगळी ओळखता येत नव्हती. शिवाय चरबी पुरवणारे सरकार, तपासणारे सरकार आणि निकाल सांगणारेही सरकारच.

१७/ शिपायांनी तेल-मेणाचा लेप स्वतःच तयार करून लावावा, अशी सवलत नंतर देण्यात आली. घरची करडई घाण्यावर नेण्यासारखाच हा मार्ग होता; पण तो उशिरा सुचला. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले, मे महिन्यात मेरठ पेटले. उठावाची कारणे अर्थातच कितीतरी खोल होती. परंतु परीक्षेचा निकाल बरोबर असूनही तो निरुपयोगी ठरू शकतो, हा धडा त्यातून कायमचा मागे राहिला. उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. १८६० च्या तहाने धाराशिव त्याला परत मिळाले.

१८/ आता क्षणभर फ्रान्सकडे वळू, कारण चरबीची ओळख पटवणारे शास्त्र तेथे आकार घेत होते. मिशेल यूजीन शेव्हरल याने १८२३ मध्ये प्राणिज चरबीवरील संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. चरबी हा एकजिनसी पदार्थ नसून ग्लिसरीन आणि निरनिराळी मेदाम्ले यांचा संयोग आहे, हे त्याने दाखवले. लोण्यातील विशिष्ट वासाचे ब्युटिरिक आम्लही त्यानेच वेगळे केले. प्रत्येक स्नेहाची आम्लांची घडण निराळी असेल, तर ती मोजून त्याची ओळख पटवता येईल, ही पुढच्या साऱ्या परीक्षांची बीजकल्पना होती.

१९/ त्याच फ्रान्समध्ये १८६९ साली मेज-मूरिए याने लोण्याला स्वस्त पर्याय म्हणून मार्गारीन तयार केले आणि युरोपभर लोण्यातील भेसळीचा प्रश्न उभा राहिला. त्यावर दोन उपाय निघाले. पहिला, मोजमापाचा : लोण्यातील बाष्पनशील आम्ले ऊर्ध्वपातनाने वेगळी करून मोजणे. १८७९ मध्ये रायखर्टने सुचवलेली ही रीत मायस्लने सुधारली आणि ‘रायखर्ट-मायस्ल मूल्य’ हा शब्द दुग्धशास्त्रात रूढ झाला. दुसरा उपाय अधिक चतुर होता.

२०/ बोदुआँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी परीक्षा तेव्हा ज्ञात झाली होती. तिळाचे तेल, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर एकत्र केले की लाल रंग येतो. आम्लामुळे साखरेपासून फरफ्युरल वर्गातले संयुग तयार होते. तिळातील सेसमोलिन या घटकापासून सेसमोल सुटे होते. दोघांच्या संयोगातून रंग उमटतो. इतर नेहमीच्या खाद्यतेलांत हा घटक नसतो. म्हणजे चार स्नेहांच्या त्या प्राचीन कुळात तीळ हा एकटाच असा, की जो हाक मारताच ओ देतो.

२१/ जर्मनीने १८९७ च्या कायद्याने मार्गारीनमध्ये तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे केले. ते खाणाऱ्याला जाणवत नाही, आरोग्याला बाधत नाही आणि कोणी मार्गारीन लोण्यात मिसळले, तर आम्ल-साखरेपुढे लगेच उघडे पडते. भेसळीचा शोध घेण्याऐवजी भेसळीच्या साधनातच आधी खूण पेरून ठेवायची, ही कल्पना नवी होती. पन्नास वर्षांनी ती भारतात आली, कारण तोवर येथे डालडा आला होता.

२२/ निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याची क्रिया साबातिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवली. १९०२ मध्ये जर्मनीच्या नॉर्मानने ती द्रव तेलांना लागू करण्याचे पेटंट घेतले. पातळ तेल आता घट्ट, पांढरे आणि टिकाऊ होऊ लागले. आधी परदेशी माल आला. मग १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली, मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला आणि १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. मराठीत ते लवकरच सामान्यनाम झाले. कोणत्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले.

२३/ डालडा हा स्वतःच्या नावाने विकला जाणारा कायदेशीर पदार्थ होता आणि ज्यांना तूप परवडत नव्हते, त्यांच्या घरी सणाची पुरी त्यावरच तळली गेली. प्रश्न होता तो मधल्या व्यापाऱ्याचा. तुपासारखा रवा, तुपासारखा घट्टपणा आणि किंमत कितीतरी कमी. कौटिल्याची ‘त्याच रंगाची वस्तू’ आता कारखान्यात टनांनी तयार होत होती. डोळ्याचे, नाकाचे आणि तळहाताचे जुने ज्ञान येथे हरले.

२४/ वाद तापला. गांधीजींनी ‘हरिजन’मधून वनस्पती तुपाविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकुरदास भार्गव यांनी संसदेत त्यावर बंदीची मागणी लावून धरली. बंदी नको असेल तर निदान रंग द्या, म्हणजे गरिबालाही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल, असा दुसरा पक्ष होता. रतनजोतीच्या मुळांच्या रंगाचा विचार झाला. परंतु निरुपद्रवी असेल, शिजवल्यावरही टिकेल आणि व्यापाऱ्याला सहज काढता येणार नाही, असा रंग मिळणे अवघड गेले.

२५/ अखेर न दिसणारा रंग निवडला गेला, तो तिळाचा. वनस्पती तुपात वजनाने किमान ५ टक्के तिळाचे तेल असावे, असा दंडक १९४० च्या दशकाच्या अखेरीस नियंत्रण आदेशांतून आला आणि पुढे १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कायम झाला. त्यातील चाचणी कडक होती : २० भाग वनस्पती तूप ८० भाग शेंगदाणा तेलात मिसळल्यावरही ठरावीक तीव्रतेचा लाल रंग आला पाहिजे. म्हणजे पाचपट पातळ केल्यावरही साक्षीदाराचा आवाज ऐकू यायला हवा.

२६/ धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, हे कायदे जरा वळसा घेऊन पोहोचले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल त्यांच्या ताब्यात आला. संस्थान भारतात आले. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ रोजी अमलात आला, त्या वेळी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली. निजामी काळात वरच्या वर्गांतले शिक्षण उर्दूतून घ्यावे लागलेल्या या भागात विज्ञान आता मराठीतून शिकवले जाऊ लागले आणि जुना ‘स्नेह’ वर्गात ‘स्निग्ध पदार्थ’ म्हणून परतला.

२७/ १९५४ च्या कायद्यातील एक तरतूद १८५७ च्या संदर्भात विशेष वाचनीय आहे. निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग करून ते मोहोरबंद करायचे : एक विक्रेत्याला, एक सरकारी विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी राखून. म्हणजे कोणालाच दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहण्याची गरज उरत नाही. बराकपूरला नेमके हेच नव्हते. तेथे रसायनशास्त्र कमी पडले त्याहून अधिक कमी पडली ती ही वाटणी.

२८/ नियमांत शेतीचे भानही होते. ज्या भागात जनावरांना सरकी व तिची पेंड मोठ्या प्रमाणावर खाऊ घातली जाते, तेथील शुद्ध तुपाचेही रायखर्ट-मायस्ल मूल्य कमी येते. सर्वत्र एकच मोजपट्टी लावली असती, तर कापूस पिकवणाऱ्या मुलखातला प्रामाणिक गवळी गुन्हेगार ठरला असता. म्हणून कापसाच्या पट्ट्यांसाठी तुपाची वेगळी मानके ठेवण्यात आली. गायीने काय खाल्ले, हे तिच्या तुपाच्या आम्लांत उतरते.

२९/ तिळाच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. १९८३ मध्ये आयात केलेली गुरांची चरबी वनस्पती तुपात मिसळली गेल्याचे उघडकीस आले आणि देशभर संताप उसळला. संसदेपासून गल्लीपर्यंत १८५७ ची आठवण निघाली. अशा डब्यावर बोदुआँची परीक्षा केली तर काय दिसेल? गुलाबी रंग, म्हणजे ‘हे वनस्पती तूप आहे’ एवढेच. त्या डब्यात आणखी काय शिरले, याबद्दल तीळ गप्प राहतो. तुपात थेट पामतेल किंवा चरबी मिसळली, तर गुलाबी रंगही येत नाही.

३०/ याउलट, निर्दोष माणसावर आळ येण्याची शक्यताही आहे. मेटॅनिल यलोसारखे काही कृत्रिम पिवळे रंग नुसत्या हायड्रोक्लोरिक आम्लानेच गुलाबी होतात. हा रंग खाण्यास अयोग्य आहे, पण तो वनस्पती तूप नव्हे. गुन्हा निराळा आहे. म्हणून काळजीपूर्वक परीक्षा करणारा दुसऱ्या नळीत साखरेशिवाय फक्त आम्ल घालून पाहतो. तेथेही रंग आला, तर तो तिळाचा नाही. आणि ज्या मिठाईत मुळातच तीळ आहे, त्या मिठाईला तर या परीक्षेने विचारण्यात अर्थच नाही.

३१/ धाराशिवचाच नमुना घ्यावा. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. तेथील खवा आणि पेढे दूरवर जातात. कुंथलगिरीचा पेढा कागदावर दाबला, तर तेलकट डाग पडणारच, आणि तो पडला पाहिजे. कारण खव्याच्या कोरड्या वजनात किमान ३० टक्के दुग्धमेद असावा, असे आजचे अन्नसुरक्षा मानक सांगते. येथे डाग हा दोष नसून गुण आहे. शंका पिठाची असेल तर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. प्रश्न बदलला की परीक्षा बदलते. परीक्षा आधी आणि प्रश्न नंतर, असे केले की निष्कर्ष चुकतो.

३२/ या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट वर येते. परीक्षेने विश्वास निर्माण होत नाही. विश्वासाची व्यवस्था असेल, तरच परीक्षेचे उत्तर कोणी ऐकते. नाशिकच्या तिलपिषकांकडे श्रेणी होती, घाण्यावर गिऱ्हाईक समोर उभे होते, १९५४ च्या कायद्यात नमुन्याचे तीन भाग होते. बराकपूरला रसायनतज्ज्ञाचा अहवाल होता, पण तो ज्यांच्यासाठी लिहिला गेला त्यांना त्या चौकशीत आपला प्रश्न विचारण्याची जागाच नव्हती.

३३/ म्हणूनच याच कायद्यातील आणखी एका कलमाचे महत्त्व. नमुना तपासून घेण्याचा अधिकार फक्त निरीक्षकाला नव्हता. कोणताही ग्राहक शुल्क भरून आपण विकत घेतलेला पदार्थ सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकत होता. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यातही कलम ४० ने हा अधिकार कायम ठेवला आहे. तो फारसा वापरला जात नाही, कारण तो आपल्याकडे आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

३४/ तेर, नळदुर्ग किंवा भूममधील एखादा विद्यार्थी परीक्षानळी हलवतो, तेव्हा तो भेसळ ओळखायला शिकतोच. पण त्याहून मोठी गोष्ट तो शिकतो. ‘हे शुद्ध आहे’ असे कोणी सांगितले, तर ‘कशावरून?’ असे विचारण्याचा हक्क आपला आहे. आणि उत्तर ऐकण्याआधी आपण नेमके काय विचारले, हे ठरवण्याची जबाबदारीही आपलीच आहे. तीळ साक्ष देतो, पण ज्याने त्याला नेमका प्रश्न विचारला त्यालाच.

#इतिहास #धाराशिव #तेर #अन्नाचा_इतिहास